अभियांत्रिकीय संदर्भसाधने व त्यांची विश्वसनीयता

अभियांत्रिकीय संदर्भसाधने : अभिकल्प, बांधकाम, यंत्रनिर्मिती व देखभाल या कामांसाठी लागणारी सूत्रे, कोष्टके, द्रव्यांचे गुणधर्म, स्थिरांक, मानके व कार्यपद्धती ज्या साहित्यातून तयार स्वरूपात मिळतात, त्या साहित्यास अभियांत्रिकीय संदर्भसाधने असे म्हणतात. लॉगरिथमांची कोष्टके, बाष्प कोष्टके, सूत्रपुस्तके, हस्तपुस्तके व मानक-संहिता ही त्यांची जुनी रूपे होत. १९९० नंतरच्या दशकात इंटरनेटवरून विनामूल्य मिळणारे माहितीसंचय, ज्ञानकोश, व्याख्यानमाला व गणनसाधने यांची त्यांत भर पडली.

अभियंता आपल्या गणितात जे आकडे वापरतो, त्यांपैकी फारच थोड्यांचे मापन त्याने स्वतः केलेले असते. पोलादाचे बल, पाण्याची घनता, बाष्पाची ऊष्मा, एखाद्या नदीचा संभाव्य पूर हे सर्व तो दुसऱ्यावर विसंबून घेतो. हा विसंबण्याचा व्यवहार डोळसपणे झाला नाही, तर पूल, धरण, बाष्पित्र किंवा विमान यांच्या सुरक्षिततेला धोका पोहोचतो. म्हणून संदर्भसाधनाची विश्वसनीयता कशावरून ठरवावी, हा अभियांत्रिकीतील जुना व मूलभूत प्रश्न आहे. इंटरनेटमुळे तो नव्याने निर्माण झाला असे नाही. त्याचा विस्तार मात्र वाढला आहे. गेल्या चार शतकांच्या इतिहासावरून असे दिसते की, विश्वसनीयता ही साधनाच्या माध्यमावर किंवा किंमतीवर अवलंबून नसते. दिलेल्या आकड्याचा उगम, त्याच्या वापराची मर्यादा आणि चूक आढळल्यास ती दुरुस्त होण्याचा मार्ग या तीन गोष्टी वाचकाला उघड असणे, यावर ती अवलंबून असते.

मुद्रित कोष्टकांतील चुका : हेन्री ब्रिग्ज यांनी १६२४ साली १ ते २०,००० व ९०,००० ते १,००,००० या संख्यांचे लॉगरिथम १४ दशांश स्थळांपर्यंत प्रसिद्ध केले. मधल्या संख्यांची उणीव एड्रियान व्लाक यांनी १६२८ साली हॉलंडमधील गौडा येथे छापलेल्या १० स्थळांच्या कोष्टकांनी भरून काढली. पुढील जवळजवळ दोन शतके नाविक, भूमापक व अभियंते यांनी वापरलेली बहुतेक कोष्टके या दोघांच्या श्रमावर आधारलेली होती. नवे कोष्टक तयार करणे म्हणजे बहुधा जुन्या कोष्टकाची नक्कल करून तीत सुधारणा करणे असे. त्यामुळे मूळ कोष्टकातील चुकाही वारशाने पुढे येत राहिल्या.

चार्ल्स बॅबेज यांनी १८२७ साली या गोष्टीचा एक मार्मिक पुरावा दिला. व्लाक यांच्या कोष्टकातील सहा विशिष्ट चुका त्यांनी निरनिराळ्या देशांत व निरनिराळ्या काळांत छापलेल्या कोष्टकांत ताडून पाहिल्या. त्या अनेक यूरोपीय कोष्टकांत तर आढळल्याच. पण एका चिनी कोष्टकातही त्याच सहा चुका त्याच जागी सापडल्या. स्वतंत्रपणे गणित करणाऱ्या दोन माणसांच्या हातून नेमक्या त्याच सहा चुका होणे जवळजवळ अशक्य आहे. तेव्हा चिनी कोष्टक व्लाक यांच्यावरूनच घेतलेले असले पाहिजे, हे सिद्ध झाले. दहा ग्रंथांत एकच आकडा आढळला म्हणजे दहा साक्षी मिळाल्या असे नव्हे. त्या दहाही एकाच साक्षीच्या प्रती असू शकतात. संदर्भसाधनांच्या परीक्षणातील हे सर्वांत महत्त्वाचे तत्त्व असून ते आजही तितकेच लागू आहे.

बॅबेज यांच्या गणनयंत्राची ओळख करून देणाऱ्या १८३४ सालच्या एका दीर्घ लेखात डायोनिशियस लार्डनर यांनी सहज निवडलेल्या ४० कोष्टकग्रंथांचा हिशेब मांडला होता. या ग्रंथांच्या शुद्धिपत्रांतच ३,७०० हून अधिक चुका कबूल केलेल्या होत्या. ध्यानात न आलेल्या चुका अर्थात त्यांखेरीजच्या. शुद्धिपत्रही चुकू शकते, याचेही उदाहरण त्यांनी दिले. मायकेल टेलर यांच्या १७९२ सालच्या लॉगरिथम कोष्टकांतील चुका ब्रिटिश नाविक पंचांगात प्रसिद्ध झाल्या. त्या दुरुस्तीत एक नवी चूक शिरली. पुढे तिची दुरुस्ती छापण्यात आली. तीही चुकली आणि तिसऱ्यांदा दुरुस्ती करावी लागली.

दुरुस्तीच्या पद्धती : या अनुभवातून चुका कमी करण्याचे दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग चुका होऊच नयेत असा बंदोबस्त करण्याचा. बॅबेज यांनी १८२७ साली १ ते १,०८,००० या संख्यांची लॉगरिथम कोष्टके प्रसिद्ध केली. त्यासाठी त्यांनी मुद्रितांची अनेक टप्प्यांत व निरनिराळ्या जुन्या कोष्टकांशी ताडून तपासणी केली आणि खिळ्यांच्या जुळणीवरून स्टीरिओटाइप पत्रे ओतून घेतले. त्यामुळे पुढील छपाईत खिळे हलून नव्या चुका होण्याची भीती उरली नाही. त्यांचे भेदयंत्र १८२२ साली कल्पिले गेले, ते मुख्यतः गणन व छपाई या दोन्ही कामांतून माणसाचा हात काढून घेण्यासाठी. ते त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही. त्याच कल्पनेवर स्वीडनमधील शॉइट्स पितापुत्रांनी बनविलेल्या यंत्राने मात्र कोष्टके छापून दाखविली.

दुसरा मार्ग चुका होणारच असे गृहीत धरून त्या शोधणाऱ्याला उत्तेजन देण्याचा. गेओर्ग व्हेगा यांनी १७९४ सालच्या आपल्या दहा स्थळांच्या कोष्टकग्रंथात, चूक प्रथम दाखवून देणाऱ्यास प्रत्येक चुकीमागे एक सोन्याचे डुकाट देण्याचे जाहीर केले होते. पुढे १९४३ साली अमेरिकेत गणितीय कोष्टके व गणनसाधने यांना वाहिलेले एक नियतकालिक निघाले. त्यात प्रसिद्ध कोष्टकांतील नव्याने सापडलेल्या चुकांची यादी नियमितपणे छापली जाई. ग्रंथ विकत घेतलेल्या वाचकाला त्यातील दोष कळण्याची नियमित सोय झाली, हे या नियतकालिकाचे मोठे कार्य होय.

सूत्रपुस्तके व स्थानिक अनुभव : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे, कालवे व पाणीपुरवठा यांची कामे झपाट्याने वाढली आणि अभियंत्यांना खिशात बाळगण्याजोगी पुस्तके लागू लागली. बर्लिनमधील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या ‘ह्यूटे’ या मंडळाने १८५७ साली काढलेले पुस्तक जर्मन भाषिक देशांत पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिले. इंग्रजीत गिल्फर्ड मोल्सवर्थ यांचे सूत्रपुस्तक अतिशय लोकप्रिय झाले. मोल्सवर्थ यांनी प्रथम श्रीलंकेत व नंतर १८७१ पासून भारत सरकारचे रेल्वेविषयक सल्लागार अभियंता म्हणून काम केले. १८४७ साली स्थापन झालेले रुडकीचे महाविद्यालय आणि १८५४ साली सुरू झालेला पुण्याचा अभियांत्रिकी वर्ग यांतून बाहेर पडलेल्या भारतीय अभियंत्यांचे शिक्षण इंग्रजी ग्रंथांवरच झाले.

या ग्रंथांची एक मर्यादा येथे लवकरच जाणवली. धातूचे बल लंडनमध्ये व मुंबईत सारखेच असते. पण पाऊस व पूर यांचे तसे नाही. म्हणून भारतात काम करणाऱ्या अभियंत्यांनी स्वतःची निरीक्षणे करून सूत्रे बसविली. कर्नल डिकेन्स यांचे १८६५ सालचे सूत्र मुख्यतः उत्तर भारतातील अनुभवावर आधारलेले होते, तर राइव्ह्‌ज यांचे १८८४ सालचे सूत्र मद्रास इलाख्यातील नद्यांवर बेतलेले होते. अलेक्झांडर बिनी यांनी नागपूरच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने पाऊस व अपवाह यांचे प्रमाण मोजले. डब्ल्यू. एल. स्ट्रेंज यांनी मुंबई इलाख्यासाठी पाणलोट क्षेत्रांचे चांगले, मध्यम व वाईट असे वर्ग पाडून अपवाहाची कोष्टके तयार केली. खडकवासला येथील संशोधन केंद्राशी निगडित असलेले क्लॉड इंग्लिस यांनी १९३० साली पश्चिम घाटातून निघणाऱ्या नद्यांसाठी महत्तम पुराचे सूत्र दिले.

ही सूत्रे आज असंख्य पाठ्यपुस्तकांत व इंटरनेटवरील पानांवर आढळतात. ती उतरवून घेताना बहुधा सूत्र तेवढे राहते आणि त्याचा प्रदेश गळतो. डिकेन्स सूत्रात पाणलोट क्षेत्राच्या पाऊण घाताला एका गुणांकाने गुणावयाचे असते. मेट्रिक एककांत हा गुणांक उत्तरेकडील मैदानी प्रदेशासाठी ६, तर मध्य भारत व पूर्व किनारा यांसाठी २८ पर्यंत घेतात. म्हणजे प्रदेश न पाहता गुणांक उचलला, तर पुराचे अनुमान चौपटीहूनही अधिक चुकू शकते.

एककांचा घोटाळा इंग्लिस सूत्राच्या बाबतीत विशेष संभवतो. मूळ रूपात क्षेत्रफळ चौरस मैलांत घेऊन त्याला ७,००० ने गुणावयाचे आणि क्षेत्रफळात ४ मिळवून येणाऱ्या बेरजेच्या वर्गमुळाने भागावयाचे. उत्तर दर सेकंदास घनफुटांत येते. मेट्रिक रूपात क्षेत्रफळ चौरस किलोमीटरांत असते, ७,००० च्या जागी १२४ व ४ च्या जागी १०·४ हे आकडे येतात आणि उत्तर दर सेकंदास घनमीटरांत मिळते. १०० चौ. किमी. क्षेत्रासाठी दोन्ही रूपांनी सुमारे १,१८० घनमीटर हेच उत्तर येते. पण मूळ सूत्रात किलोमीटरांचा आकडा तसाच घातला, तर उत्तर सुमारे १,९४० घनमीटर येते. सूत्र, आकडेमोड व उत्तराचे रूपांतर यांत काहीच चुकले नसताना पूर १·६५ पट होतो. मुद्रित पुस्तकातील प्रास्ताविक वाचणाऱ्याला ही एकके माहीत असत. सुट्या पानावर सूत्र पाहणाऱ्याला ती शोधावी लागतात.

समीक्षित माहिती : बाष्पाच्या गुणधर्मांच्या बाबतीत विश्वसनीयतेचा विचार एक पायरी पुढे गेला. आंरी व्हिक्टर रेन्यो यांनी १८४७ साली प्रसिद्ध केलेल्या मापनांवर दीर्घकाळ सर्व बाष्प कोष्टके आधारलेली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी बाष्पाचा दाब व तापमान वाढत गेले. त्या पल्ल्यात इंग्लंड, जर्मनी व अमेरिका येथील कोष्टके एकमेकांशी जुळेनात. एका देशात बनविलेल्या टरबाइनाची कार्यक्षमता दुसऱ्या देशाच्या कोष्टकावरून तपासली, तर करारातील हमीबद्दलच वाद उद्भवे. म्हणून १९२९ साली लंडन येथे आंतरराष्ट्रीय बाष्प कोष्टक परिषद भरली. त्यानंतर बर्लिन येथे १९३० मध्ये व अमेरिकेत १९३४ मध्ये परिषदा झाल्या. त्यांनी निवडक दाब व तापमान यांसाठी मूल्यांची सांगाडा-कोष्टके मान्य केली आणि मूल्याबरोबर त्याची सह्य मर्यादाही दिली. ‘हा आकडा इतका आहे’ असे न म्हणता ‘हा आकडा या दोन सीमांच्या दरम्यान आहे’ असे सांगण्याची ही पद्धत संदर्भसाधनांच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा होय. या कार्याची पुढील परंपरा पाणी व बाष्प यांच्या गुणधर्मांसाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे आली. तिने १९९७ साली औद्योगिक वापरासाठी मान्य केलेली समीकरणे, त्यांच्या वैधतेचे पल्ले व संगणकीय आज्ञावली तपासण्यासाठीची नमुना-मूल्ये तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात.

याच काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने भौतिक व रासायनिक गुणधर्मांची समीक्षित कोष्टके १९२६ ते १९३३ या काळात सात खंड व सूची अशी प्रसिद्ध झाली. उपलब्ध सर्व मापने गोळा करून, त्यांतील दोष तपासून, तज्ञाने एक मूल्य निवडावे अशी त्यांची पद्धत होती. ‘समीक्षित’ या विशेषणाचा अर्थ हाच होय. १९६६ साली स्थापन झालेल्या कोडेटा या आंतरराष्ट्रीय समितीने मूलभूत स्थिरांकांची समायोजित मूल्ये १९७३ पासून अनिश्चिततेसह प्रसिद्ध केली आहेत.

मानके व त्यांच्या आवृत्त्या : १९०५ साली अमेरिकेतील ब्रॉकटन येथील पादत्राणांच्या कारखान्यात बाष्पित्राचा स्फोट होऊन ५८ माणसे मृत्युमुखी पडली. अशा अपघातांमुळे कायदे झाले आणि यांत्रिक अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेने १९१४ साली बाष्पित्र-संहिता तयार केली. भारतात १९४७ साली भारतीय मानक संस्था स्थापन झाली. १९८६ च्या अधिनियमानुसार १९८७ पासून तिचे रूपांतर भारतीय मानक ब्यूरोत झाले. हस्तपुस्तक सल्ला देते, तर मानकाला करार व कायदा यांमुळे बंधनकारक रूप येते. त्यामुळे मानकाच्या बाबतीत ‘खरे की खोटे’ यापेक्षा ‘लागू की रद्द’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

महाराष्ट्रातील भूकंपांचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. भूकंपरोधक अभिकल्पाचे भारतीय मानक १९६२ साली निघाले व १९६६ मध्ये सुधारले गेले. त्यांतील नकाशांत दख्खनच्या पठाराचा धोका कमी मानलेला होता. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला आणि १९७० च्या आवृत्तीत भूकंपक्षेत्रांची फेरमांडणी करून पाच क्षेत्रे ठरविण्यात आली. पुढे ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप होऊन हजारो लोक मरण पावले. हा परिसर १९८४ च्या आवृत्तीत सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात दाखविलेला होता. २००२ च्या आवृत्तीत पहिले क्षेत्र रद्द करून चारच क्षेत्रे ठेवण्यात आली. जुन्या आवृत्त्या खोट्या नव्हत्या. त्या त्या वेळच्या ज्ञानाशी त्या प्रामाणिक होत्या. पण १९८४ च्या नकाशाची प्रत आजही कोणाच्या हाती लागू शकते आणि तिच्यावर ‘कालबाह्य’ असा शिक्का असेलच असे नाही. इंटरनेटवर जुनी व नवी आवृत्ती शेजारी शेजारी सापडते, तेव्हा हा धोका वाढतो.

मानके मिळविण्यासाठी द्यावी लागणारी किंमत हा दीर्घकाळ वादाचा विषय होता. जो नियम पाळणे बंधनकारक आहे तो वाचण्यासाठी पैसे का द्यावेत, असा प्रश्न नागरिकांच्या वतीने विचारला गेला. मानकसंस्थांचे म्हणणे असे की, मानके तयार करण्याचा खर्च विक्रीतूनच निघतो. अमेरिकेतील पब्लिक रिसोर्स या संस्थेने भारतीय मानकांसह अनेक मानके इंटरनेटवर विनामूल्य ठेवली. कायद्यात समाविष्ट झालेली मानके अव्यापारी हेतूने अशा रीतीने प्रसिद्ध करणे न्याय्य वापरात मोडते, असा निर्णय कोलंबिया जिल्ह्याच्या अपील न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दिला. भारतीय मानक ब्यूरोनेही आपली स्वदेशी मानके स्वतःच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उपलब्ध करून दिली. वाचकाच्या दृष्टीने याचा लाभ केवळ पैशाचा नाही. मूळ मानक हाताशी असल्यावर त्याचा दुसऱ्याने केलेला सारांश वापरण्याचे कारण उरत नाही.

इंटरनेटवरील विनामूल्य साधने : जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी जागतिक जालाची आज्ञावली सार्वजनिक केली. त्यानंतर थोड्याच वर्षांत अभियांत्रिकीय माहितीचा मोठा साठा लोकांना खुला झाला. या साधनांचे स्थूलमानाने पाच वर्ग पडतात.

पहिला वर्ग शासकीय व आंतरराष्ट्रीय संस्थांच्या माहितीसंचयांचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविद्या संस्थेने १९९६ साली रासायनिक गुणधर्मांचा संचय इंटरनेटवर आणला. त्यात मूल्याबरोबर मूळ शोधनिबंधाचा निर्देश असतो. याच संस्थेने, ती राष्ट्रीय मानक कार्यालय म्हणून ओळखली जात असताना, १९६४ साली गणितीय फलनांचे हस्तपुस्तक काढले होते. त्या ग्रंथाची मुळे न्यूयॉर्क येथे १९३८ साली बेकारी निवारणासाठी सुरू झालेल्या कोष्टक-प्रकल्पात होती. तेथे शेकडो माणसे हाताने गणित करीत. या हस्तपुस्तकाची अंकीय उत्तराधिकारी आवृत्ती २०१० पासून विनामूल्य खुली असून सापडलेल्या चुका तीत तारखेसह नोंदविल्या जातात. व्हेगा यांच्या डुकाटाचा हेतू येथे वेगळ्या प्रकारे साधला गेला आहे. दुसरा वर्ग शिक्षणसंस्थांच्या व्याख्यानांचा. भारतीय तंत्रविद्या संस्था व बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था यांचा २००३ साली सुरू झालेला प्रकल्प त्यातील ठळक होय. तिसरा वर्ग उत्पादकांच्या माहितीपत्रकांचा. त्यांतील ‘नमुनादाखल’ मूल्य आणि ‘हमीचे किमान’ मूल्य यांत मोठा फरक असतो. अभिकल्पाला दुसरेच चालते. चौथा वर्ग जुन्या ग्रंथांच्या छायाप्रतींचा. त्या मूळ पाहण्यास अमूल्य, पण चालू मूल्य म्हणून वापरण्यास धोक्याच्या. पाचवा वर्ग व्यक्ती किंवा समूह यांनी चालविलेल्या ज्ञानकोशांचा व गणनपृष्ठांचा.

मुक्त ज्ञानकोश : विकिपीडिया हा कोणालाही संपादन करता येणारा ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, त्याची मराठी आवृत्ती २००३ सालची आहे. नेचर या नियतकालिकाने डिसेंबर २००५ मध्ये ४२ वैज्ञानिक विषयांवरील त्याचे व एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे लेख तज्ञांकडून तपासून घेतले. विकिपीडियात १६२ व ब्रिटानिकात १२३ चुका किंवा उणिवा निघाल्या. गंभीर चुका प्रत्येकी चार होत्या. ब्रिटानिकाने मार्च २००६ मध्ये या तपासणीच्या पद्धतीवर कडक आक्षेप घेतले आणि नेचरने ते मान्य केले नाहीत. या तपासणीतून दोन गोष्टी निश्चित होतात. मुक्त संपादनामुळे ज्ञानकोश सर्वस्वी निरुपयोगी ठरत नाही, ही एक आणि तज्ञांनी लिहिलेला विक्रीचा ज्ञानकोशही निर्दोष नसतो, ही दुसरी. मात्र विषयाची ओळख करून देणाऱ्या लेखातील सरासरी चुकांवरून, अभिकल्पात घालावयाच्या एखाद्या विशिष्ट आकड्याची खात्री देता येत नाही.

व्लाक यांच्या चुकांची आठवण करून देणारी घटना याच ज्ञानकोशात घडली. विजेवर पाव भाजणाऱ्या टोस्टरचा शोध १८९३ साली एका स्कॉटिश संशोधकाने लावला, असा बनावट लेख २०१२ साली थट्टेने घालण्यात आला. तो सुमारे दहा वर्षे टिकला. दरम्यान वृत्तपत्रांनी व पुस्तकांनी ती माहिती उचलली आणि मग तीच वृत्तपत्रे व पुस्तके त्या लेखाला आधार म्हणून दाखविता येऊ लागली. २०२२ साली एका शाळकरी मुलाला त्या संशोधकाचे छायाचित्र बनावट वाटले व सर्व प्रकार उघडकीस आला. माहिती ज्या वर्तुळात फिरली, त्यात मूळ साक्ष एकही नव्हती.

मुद्रित कोशही या कसोट्यांतून सुटत नाहीत. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला व आता त्याचे लेखन इंटरनेटवरही विनामूल्य वाचता येते. त्यातील तांत्रिक लेख वाचताना तो खंड केव्हाचा आहे, हे वाचकाने पाहिलेच पाहिजे. तत्त्वांचे विवेचन टिकाऊ असते. उत्पादनाचे आकडे, कमाल क्षमता व मानकांचे निर्देश हे मात्र प्रकाशनवर्षाशी बांधलेले असतात.

२०२२ च्या अखेरीपासून प्रश्नाला संभाषणाच्या भाषेत उत्तर देणाऱ्या संगणकीय प्रणाली सर्वसामान्यांच्या वापरात आल्या. त्या प्रचंड लेखनसाठ्यावरून वाक्यरचना शिकतात. त्यांचे उत्तर बहुधा सुबोध व अनेकदा बरोबर असते. पण कधीकधी अस्तित्वात नसलेल्या ग्रंथाचा किंवा कलमाचा निर्देशही त्या तितक्याच ठामपणे करतात. आकड्याचा उगम त्या उत्तरातून स्वतंत्रपणे शोधता येत नसेल, तर ते उत्तर शोधाची सुरुवात म्हणून वापरावे, अखेर म्हणून नव्हे.

परीक्षणाचे निकष : वरील इतिहासावरून संदर्भसाधनातील आकडा स्वीकारण्यापूर्वी पुढील गोष्टी पहाव्यात. (१) उगम : आकडा कोणी व कशावरून दिला आहे, मापन, गणन की नक्कल. (२) स्वातंत्र्य : ज्या दोन साधनांत तो जुळतो ती एकमेकांवरून किंवा एकाच तिसऱ्या साधनावरून घेतलेली तर नाहीत ना. (३) काल : आवृत्ती कोणती, तीत नंतर दुरुस्त्या झाल्या काय. (४) पल्ला : सूत्र कोणत्या प्रदेशासाठी, द्रव्यासाठी, आकारमानासाठी बसविले आहे. (५) एकके व संदर्भस्थिती : पाण्याचा उत्कलनबिंदू १ वातावरण दाबाला जवळजवळ १०० से. असतो, तर १ बार दाबाला ९९·६ से.; दोन्ही आकडे बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. (६) अनिश्चितता : मूल्याबरोबर त्याची सीमा दिली आहे काय. (७) दुरुस्ती : चूक कळविण्याची व ती जाहीर होण्याची सोय आहे काय.

एककांची उपेक्षा किती महाग पडते, हे कॅनडातील एका घटनेने दाखविले. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानात २२,३०० किग्रॅ. इंधन असणे आवश्यक होते. इंधनाचे लिटरांवरून वजन काढताना १·७७ हा गुणक वापरला गेला. तो आधीच्या कागदपत्रांवर होताच आणि खराही होता. पण तो एका लिटराचे पौंडांतील वजन दाखवीत होता. नव्या विमानाला किलोग्रॅम हवे होते व त्यासाठीचा गुणक सुमारे ०·८ होता. परिणामी निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान उडाले आणि हवेत असतानाच दोन्ही एंजिने बंद पडली. वैमानिकांच्या कौशल्यामुळे ते गिमली येथील जुन्या विमानतळावर तरंगत उतरविता आले व कोणाचाही प्राण गेला नाही. येथे संदर्भाचा आकडा चुकीचा नव्हता. तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे कोणी विचारले नाही.

या निकषांना गणिती तपासणीची जोड द्यावी लागते. सूत्राच्या दोन्ही बाजूंची परिमाणे जुळतात काय, टोकाच्या परिस्थितीत उत्तर शहाणपणाचे येते काय, उत्तर माहीत असलेले एखादे उदाहरण त्यात बसते काय, हे पाहण्यास काही मिनिटे पुरतात. इंटरनेटवरील गणनपृष्ठाच्या आतील सूत्र दिसत नसल्यास अशी उदाहरणे घालून पाहणे हाच उपाय असतो. आकड्यावर काय अवलंबून आहे त्या मानाने तपासणीची खोली ठरवावी. पाण्याच्या टाकीचे स्थूल वजन काढण्यास कोणताही ज्ञानकोश पुरतो. धरणाच्या सांडव्याची क्षमता ठरविताना मूळ मापने, चालू मानक व स्थानिक नोंदी पाहिल्याखेरीज भागत नाही.

विनामूल्य साधनांमुळे लहान गावातील अभियंत्याला व विद्यार्थ्याला जे ग्रंथालय मिळाले, ते पूर्वी मोठ्या शहरांतही दुर्मिळ होते. परंतु पूर्वी प्रकाशक, संपादक व ग्रंथपाल यांनी मिळून जी चाळणी लावली असती, तिचा बराचसा भार आता वाचकावर आला आहे. ती चाळणीही कधी पूर्ण नव्हती, हे कोष्टकांचा इतिहास सांगतो. अभिकल्पाच्या कागदावर संदर्भसाधनाची सही नसते. ती अभियंत्याची असते. म्हणून आकड्यासोबत त्याचा उगम, आवृत्ती व एकके टिपून ठेवण्याची जुनी शिस्त आजच्या काळात अधिकच आवश्यक ठरली आहे.